चार्जरची दोषपरीक्षा : दूरनियंत्रित प्रतिकृति-वाहनांसाठी

१८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या एका विद्युत्-प्रदर्शनात निकोला टेस्ला या संशोधकाने पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडली आणि दुरून बिनतारी लहरी पाठवून ती हवी तशी वळवून दाखविली. नौकेला कोणतीही तार जोडलेली नव्हती. तिला लागणारी ऊर्जा तिच्या पोटात ठेवलेल्या विद्युत्-संचायकांतून मिळत होती. आज शाळांच्या विज्ञानमंडळांत व घरोघरी दिसणाऱ्या दूरनियंत्रित मोटारी, नौका व विमाने ही त्या नौकेचीच वंशज होत. त्यांचे आकार बदलले, वेग वाढला. पण एक गोष्ट बदलली नाही. वाहनातील घट रिकामे झाले की वाहन थांबते आणि ते पुन्हा भरण्याचे काम चार्जर या साधनाकडे येते.

हा चार्जर एके दिवशी काम करीनासा होतो. दिवा लागत नाही, किंवा लागतो पण बॅटरी भरत नाही; पडद्यावर दोषसूचना उमटते किंवा बॅटरी पाच मिनिटांतच 'पूर्ण' झाल्याचे दाखविले जाते. अशा वेळी चार्जर बिघडला असे म्हणून तो टाकून देण्याची घाई होते. वास्तविक दोष पुष्कळदा चार्जरमध्ये नसतोच. तो पुरवठ्यात असतो, तारेत असतो, घटात असतो किंवा वापरणाऱ्याने केलेल्या निवडीत असतो. याउलट कधी कधी चार्जरने दिलेली सूचना खरी असते आणि ती न जुमानल्यामुळे आग लागण्याची भीती निर्माण होते. दोष कसा शोधावा आणि शोध कोठे थांबवावा, या दोन्ही गोष्टी या पुस्तिकेत सांगावयाच्या आहेत.

१. घटांचे स्वभाव

एकदा वापरून टाकून द्यावयाच्या घटाला प्राथमिक घट म्हणतात व पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या घटाला संचायक घट म्हणतात. फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांचा संचायक तयार केला. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर याने १८९९ साली निकेल-कॅडमियम घट बनविला. पुढे निकेल-धातु-हायड्राइड घट आले आणि १९९१ साली लिथियम-आयन घट प्रथम बाजारात आले. या शेवटच्या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिकृति-वाहनांत आज मुख्यतः दोन प्रकारचे घट आढळतात. पहिला निकेल-धातु-हायड्राइड घट. याचा नाममात्र विद्युद्दाब १.२ व्होल्ट असतो. असे सहा घट एकापुढे एक जोडले म्हणजे ७.२ व्होल्टची परिचित घटमाला तयार होते. दुसरा लिथियम-पॉलिमर घट. याचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावरचा दाब ४.२० व्होल्ट आणि रिकामा करण्याची मर्यादा सुमारे ३.० व्होल्ट असते. दोन घटांची माला ७.४ व्होल्टची व तीन घटांची ११.१ व्होल्टची होते.

दोघांचे स्वभाव भिन्न आहेत. निकेलचा घट थोडा जास्त भरला गेला तर जादा ऊर्जेची उष्णता होते. त्याचे आयुष्य घटते, पण तो बहुधा निभावून नेतो. लिथियमच्या घटाला ही सहनशीलता नाही. ४.२० व्होल्टच्या वर नेल्यास त्यातील विद्युत्-विच्छेद्याचे विघटन होऊ लागते, वायू निर्माण होतात व ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचू शकते. म्हणून एका प्रकारच्या घटासाठी असलेली भरण्याची रीत दुसऱ्या प्रकाराला लावणे ही साधी चूक नसून धोक्याची गोष्ट आहे.

त्यात किती ऊर्जा असते, याचा एक हिशेब पाहू. दोन घटांच्या ५,००० मिलीअँपियर-तास क्षमतेच्या लिथियम मालेत ७.४ × ५ म्हणजे ३७ वॅट-तास ऊर्जा साठते. एवढ्या ऊर्जेने एक लिटर पाण्याचे उष्णतामान सुमारे ३२ अंश सेल्सिअसने वाढविता येईल. ही ऊर्जा तळहाताएवढ्या वस्तूतून काही सेकंदांत बाहेर पडली आणि तिच्या जोडीला आतील ज्वालाग्राही द्रवही पेटला, तर काय होईल याची कल्पना करावी.

२. चार्जर नेमके काय करतो?

चार्जर म्हणजे केवळ विजेचा नळ नव्हे. तो एकाच वेळी तीन कामे करीत असतो. घराच्या किंवा मोटारीच्या बॅटरीच्या पुरवठ्याचा दाब तो घटमालेला योग्य अशा दाबात बदलतो. प्रवाहाचे नियमन करतो. आणि घटमालेचा दाब सतत मोजून केव्हा थांबावयाचे ते ठरवितो.

लिथियम घट दोन टप्प्यांत भरला जातो. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवला जातो व दाब हळूहळू चढतो. दर घटाचा दाब ४.२० व्होल्ट झाला की दुसरा टप्पा सुरू होतो. आता दाब स्थिर राहतो आणि प्रवाह आपोआप कमी कमी होत जातो. तो मूळच्या सुमारे एक दशांशावर आला म्हणजे चार्जर थांबतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात पडद्यावरचा अँपियरचा आकडा उतरू लागला, तर तो बिघाड समजू नये. मडके काठोकाठ भरत आले की आपण पाण्याची धार बारीक करतो, तसेच हे आहे.

घटमालेतील सर्व घट अगदी सारखे नसतात. एक आधी भरतो, दुसरा मागे राहतो. चार्जरला फक्त एकूण दाब कळला, तर ८.४० व्होल्ट हे दोन घटांचे ४.२० अधिक ४.२० आहेत की ४.३५ अधिक ४.०५ आहेत हे त्याला समजणार नाही. दुसरी स्थिती धोक्याची आहे. यासाठी लिथियम मालेला जाड मुख्य तारांखेरीज बारीक तारांचा एक वेगळा जोड असतो. त्याला समतोल-जोड म्हणू. दोन घटांच्या मालेला त्यात तीन तारा असतात, तीन घटांच्या मालेला चार. त्यांच्या द्वारे चार्जर प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्रपणे मोजतो आणि पुढे गेलेल्या घटातून थोडा प्रवाह वळवून सर्वांना एका पातळीवर आणतो.

३. परीक्षेची रीत

दोष शोधताना मन शांत ठेवून क्रमाने जावे. भिंतीतील खाचेपासून घटापर्यंत विजेचा मार्ग एका साखळीसारखा आहे : पुरवठा, चार्जर, तारा व जोड, घटमाला. साखळी कोठे तुटली आहे ते पाहावयाचे आहे. त्यासाठी तीन नियम पाळावेत.

पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार, बॅटरी व चार्जरमधील निवड ही तिन्ही एकदम बदलली आणि काम सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. दुसरा नियम, अंदाजापेक्षा मापनावर विश्वास ठेवावा. साधा अंकदर्शक मल्टिमीटर यासाठी पुरेसा आहे. तिसरा नियम, जे दिसले ते लगेच लिहून ठेवावे : दोषसूचनेचे शब्द, दाब, प्रवाह, वेळ आणि हाताला लागलेली ऊब.

मल्टिमीटर वापरण्यापूर्वी एक दक्षता अवश्य घ्यावी. लाल तार अँपियरच्या खाचेत राहिली असता टोके बॅटरीच्या दोन अग्रांना लावली, तर मीटरमधून बॅटरीचे लघुमंडल होते. ठिणग्या उडतात आणि तारा वितळू शकतात. म्हणून प्रत्येक वेळी तार व्होल्टच्या खाचेत आहे ना, हे डोळ्यांनी पाहूनच टोके लावावीत.

४. पुरवठा

दिवाच लागत नसेल तर प्रथम भिंतीतील खाचेत दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे. ही तपासणी हास्यास्पद वाटते, पण तिच्यात अर्धे मिनिट जाते आणि कधी कधी तासभराचा शोध वाचतो. नंतर पुरवठा-पेटीतून बाहेर येणारा दाब मोजावा. पुष्कळ चार्जरांना १२ व्होल्टचा एकदिश पुरवठा लागतो.

येथे एक फसगत होते. मीटर १२ व्होल्ट दाखवितो, चार्जरचा पडदाही उजळतो. पण भरणे सुरू करताच 'पुरवठ्याचा दाब कमी' अशी सूचना येते आणि सर्व थांबते. याचे कारण हिशेबाने समजते. दोन घटांची लिथियम माला ५ अँपियरने भरावयाची आहे असे समजू. अखेरीस ८.४ × ५ म्हणजे ४२ वॅट शक्ती लागेल. रूपांतरात होणारा व्यय धरला तर पुरवठ्याकडून सुमारे ५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपियरहून अधिक प्रवाह घ्यावा लागेल. पुरवठा-पेटीवर '१२ व्होल्ट, २ अँपियर' असे छापले असेल तर ती २४ वॅटच देऊ शकते. भार पडताच तिचा दाब कोसळतो. मोकळ्या हाताने ताठ उभा असलेला हमाल डोक्यावर दोन पोती ठेवताच वाकतो, तसा हा प्रकार आहे. म्हणून दाब नेहमी भार असताना मोजावा. प्रवाह १ अँपियरवर आणून भरणे सुरळीत चालले, तर दोष पुरवठ्याच्या कमकुवतपणात आहे हे जवळजवळ निश्चित होते.

ज्या गावी सायंकाळी विजेचा दाब उतरतो तेथे हाच अनुभव वेळेनुसार येईल. सकाळी चालणारा चार्जर सायंकाळी थांबत असेल, तर मापनाच्या वेळा लिहून ठेवल्याने उलगडा होतो.

५. निवडीतील चुका

चार्जरला बॅटरीचा प्रकार, घटांची संख्या, प्रवाह व कार्यक्रम या गोष्टी सांगाव्या लागतात. त्यांपैकी एक चुकली की चार्जर निर्दोष असूनही बिघडल्यासारखा भासतो.

सर्वांत सामान्य घोटाळा साठवणीच्या कार्यक्रमाचा आहे. लिथियम घट बरेच दिवस वापरावयाचा नसेल तर तो पूर्ण भरून ठेवू नये, सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. त्यासाठी चार्जरमध्ये स्वतंत्र कार्यक्रम असतो. तो चुकून निवडला गेला की चार्जर ३.८ व्होल्टच्या आसपास 'काम पूर्ण' म्हणून थांबतो व बॅटरी अर्धवट भरली अशी तक्रार होते. दुसरी गोष्ट सुरक्षा-मर्यादांची. पुष्कळ चार्जरांत वेळेची व एकूण मिलीअँपियर-तासांची मर्यादा ठरविलेली असते. मोठी बॅटरी अल्प प्रवाहाने भरताना वेळेची मर्यादा आधी गाठली जाते आणि भरणे मध्येच थांबते.

तिसरी गोष्ट चार्जरच्या शक्तीची. ६० वॅटच्या चार्जरला तीन घटांच्या मालेसाठी ६ अँपियर सांगितले, तरी १२.६ व्होल्टपाशी तो ६० ÷ १२.६ म्हणजे सुमारे ४.८ अँपियरच देईल. हा दोष नव्हे, ती त्याची मर्यादा होय.

प्रवाह किती असावा? बॅटरीवर वेगळी सूचना नसेल तर क्षमतेच्या आकड्याइतकाच प्रवाह ठेवावा. ५,००० मिलीअँपियर-तासांसाठी ५ अँपियर, २,२०० साठी २.२ अँपियर. घाई करून मिळालेली पंधरा मिनिटे बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतात.

६. तारा आणि जोड

पुरवठा व निवड बिनचूक असतील तर तारांकडे वळावे. वारंवार वाकविल्याने तार आतून तुटते. वरचे आवरण मात्र अखंड दिसते. भरणे चालू असताना तार हलवून पाहू नये. बॅटरी काढून, मल्टिमीटरच्या सातत्य-परीक्षेने प्रत्येक तार तपासावी व ती तपासताना तार हळूहळू वाकवावी. आवाज मध्येच थांबला तर तुटीची जागा सापडली.

पूर्ण तुटलेली तार सापडणे सोपे. अर्धवट बिघडलेला जोड अधिक फसवा असतो. समुद्रकिनाऱ्यावरील दमट व खारट हवेत पितळी टोकांवर हिरवट पुटे चढतात. कच्चा डाख दिलेला सांधा वरून चकचकीत नसून मळकट व दाणेदार दिसतो. अशा जागी रोध वाढतो. समजा, तो केवळ ०.१ ओहम आहे. ५ अँपियर प्रवाहात तेथे ५ × ०.१ म्हणजे अर्धा व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि ५ × ५ × ०.१ म्हणजे अडीच वॅट उष्णता निर्माण होते. चार्जर आपल्या टोकापाशी ८.४० व्होल्ट मोजतो, पण बॅटरीपर्यंत ७.९० व्होल्टच पोहोचतात. चार्जरला वाटते, घट भरत आला. तो प्रवाह कमी करू लागतो आणि भरणे कंटाळवाणे लांबत जाते. समतोल-जोड लावला असता मुख्य तारांवरील एकूण दाब व घटांच्या दाबांची बेरीज यांत फरक दिसतो. प्रवाह चालू असताना हा फरक मोठा असेल तर दोष मुख्य जोडांत आहे. बोटाला चटका देणारा जोड हाही तोच पुरावा होय.

जोडण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. मुख्य तारा प्रथम चार्जरला लावाव्यात व मग बॅटरीला. काढताना बॅटरीकडील टोक आधी काढावे. उलट क्रमाने गेल्यास बॅटरीला लटकणारी दोन उघडी टोके एकमेकांस लागून लघुमंडल होण्याचा संभव असतो. लाल म्हणजे धन हा संकेत सर्वत्र पाळला जातोच असे नाही. घरी डाख दिलेल्या तारेचे अग्र मीटरने पाहून घ्यावे.

७. घटमालेची तपासणी

समतोल-जोडातील शेजारशेजारच्या दोन टोकांमधील दाब मोजला की एकेका घटाचा दाब कळतो. मीटरच्या दोन टोकांचा परस्परांना स्पर्श होऊ देऊ नये. नंतर हे आकडे चार्जरच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.

मीटर दोन्ही घटांना ३.८० व्होल्ट दाखवितो आणि चार्जर मात्र एकाला फार जास्त व दुसऱ्याला फार कमी दाखवितो, असे असेल तर मधली बारीक तार किंवा तिची खाच सैल असण्याचा संभव अधिक. मधल्या तारेचा संपर्क गेला म्हणजे दोन घटांची सीमारेषाच चार्जरला दिसेनाशी होते. मीटरही एका घटाला ३.८४ व दुसऱ्याला ३.३० दाखवीत असेल, तर चार्जर खरे बोलत आहे. दोष मालेत आहे.

अशी असमान माला समतोल-कार्यक्रमाने पातळीवर येऊ शकते, पण धीर धरावा लागतो. लहान चार्जर पुढच्या घटातून सुमारे २०० मिलीअँपियरच वळवू शकत असेल, तर ५०० मिलीअँपियर-तासांचा फरक मिटण्यास अडीच तास लागतील. तेवढ्या वेळात चार्जर अडकून पडला असे वाटते. समतोल साधल्यानंतर एकच घट प्रत्येक वेळी मागे पडू लागला, तर तो म्हातारा झाला आहे असे समजून माला बाद करावी.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. वाहन बंद करावयाचे विसरले, बॅटरी रात्रभर जोडलेली राहिली आणि दर घटाचा दाब ३.० व्होल्टच्या खूप खाली गेला. चार्जर 'दाब कमी' म्हणून तिला स्वीकारीत नाही. येथे छांदिष्टांमध्ये एक युक्ती प्रचलित आहे : चार्जरला ही निकेलची बॅटरी आहे असे खोटे सांगून थोडा प्रवाह ढकलावयाचा आणि दाब वर आला की पुन्हा लिथियमचा कार्यक्रम लावावयाचा. ही युक्ती करू नये. घट अति रिकामा झाला असता ऋणाग्राच्या पाठीमागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा भरताना ते तांबे भलत्याच जागी साचून आतल्या आत लघुमंडल करू शकते. असा घट त्या दिवशी भरला जाईल, दोन दिवस चालेलही; पण पुढे कोणत्या क्षणी तापेल ते बाहेरून ओळखता येत नाही. चार्जरचा नकार हा त्याचा बिघाड नसून त्याचे कर्तव्य आहे.

थंड प्रदेशातील वाचकांसाठी आणखी एक सूचना. ० अंश सेल्सिअसच्या खाली असलेला लिथियम घट भरू नये. ऋणाग्रात शिरण्याऐवजी लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते. लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील हिवाळ्यात बॅटरी प्रथम खोलीच्या उष्णतामानाला येऊ द्यावी. याउलट उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटरी ठेवणे किंवा नुकतीच धावून तापलेली बॅटरी लगेच भरणे हेही वर्ज्य होय.

८. निकेल घटांचा फसवा इशारा

निकेल-धातु-हायड्राइड घट भरत आला की त्याचा दाब शिखर गाठून किंचित खाली येतो. ही उतरण दर घटामागे केवळ काही मिलिव्होल्ट असते. ती ५ मिलिव्होल्ट धरली तर सहा घटांच्या मालेत अवघे ३० मिलिव्होल्ट भरतात. एवढ्या सूक्ष्म खुणेवरून चार्जर थांबतो.

मग सैल जोडामुळे दाब क्षणभर तेवढाच हलला तर? चार्जर त्यालाच शिखर समजतो आणि पाच मिनिटांत 'पूर्ण' असे जाहीर करतो. बराच काळ पडून राहिलेल्या मालेतही सुरुवातीला असे खोटे शिखर दिसते. याउलट प्रवाह फार कमी ठेवला तर उतरण इतकी मंद होते की ती चार्जरच्या लक्षातच येत नाही आणि घट जादा भरले जाऊन तापतात.

ऊब हा येथे उत्तम साक्षीदार आहे. भरणे संपल्यावर निकेलची माला कोमट लागावी. ती थंडच असेल तर चार्जर लवकर थांबला. हाताला सोसवेना इतकी तापली असेल तर उशिरा थांबला. पहिल्या स्थितीत जोड साफ करून पुन्हा भरावे. दुसऱ्या स्थितीत माला निवू द्यावी आणि पुढील वेळी योग्य प्रवाह निवडावा. लिथियमला मात्र ही कसोटी लावू नये. भरताना लिथियमची बॅटरी गरम लागली तर ती धोक्याची सूचना आहे.

९. माप करणाऱ्याचे माप

चार्जर ४.२० दाखवितो आणि मीटर ४.१८, मग खोटे कोण? उत्तर देण्यापूर्वी मीटरची योग्यता पाहावी. ज्या मीटरची अचूकता अर्धा टक्का आहे, त्याच्या ४.२० व्होल्टच्या वाचनात सुमारे ०.०२ व्होल्टची चूक संभवते. तेवढ्या फरकावरून चार्जरला दोषी ठरविता येत नाही. मीटरची स्वतःची बॅटरी उतरली असेल तर त्याचे वाचन आणखी चुकते. म्हणून ती प्रथम बदलावी. शक्य असल्यास दुसऱ्या मीटरने तेच माप घ्यावे.

दोन स्वतंत्र मीटर एकमत असतील आणि चार्जर दर घटामागे ०.०५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक कमी दाखवीत असेल, तर गोष्ट गंभीर आहे. असा चार्जर ४.२० समजून घटाला ४.२५ वर नेऊन ठेवील. दिवा न लागणारा चार्जर निरुपयोगी असतो. पण चुकीचे मोजणारा चार्जर घातक असतो, कारण तो सर्व काही सुरळीत असल्याचे सांगतो. अशा चार्जरने लिथियमची बॅटरी भरणे तत्काळ बंद करावे.

१०. चार्जरच्या अंतरंगाविषयी

पुरवठा, निवड, तारा व घटमाला निर्दोष ठरल्यावरच चार्जरकडे संशयाने पाहावे. येथेही न उघडता करता येण्याजोगी कामे आहेत. पंख्याच्या जाळीत धूळ साचून पंखा अडला असेल तर चार्जर काही वेळ चालून तापतो व स्वतःच थांबतो. थंड झाल्यावर पुन्हा सुरू होतो. ब्रशने धूळ काढावी. बाहेरून बदलता येणारा फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा बसवावा. जाड फ्यूज किंवा तांब्याची तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपविणे होय. नवा फ्यूजही लगेच उडाला तर आत लघुमंडल आहे असे समजून काम थांबवावे.

थेट घरगुती विजेवर चालणाऱ्या चार्जरचे व पुरवठा-पेटीचे आवरण विद्यार्थ्यांनी उघडू नये. २३० व्होल्ट प्रत्यावर्ती दाबाचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि एकदिश केल्यावर तेवढ्या दाबाने आतील धारित्र भरून राहते. खाचेतून तार काढल्यावरही ते काही काळ भरलेले असू शकते. ते काम जाणत्या कारागिराचे आहे.

११. जेथे थांबावयाचे

बॅटरी फुगली असेल, तिला गोडसर उग्र वास येत असेल, आवरण चेचले किंवा फाटले असेल, तर दोषपरीक्षा तेथेच संपली. ती भरू नये, दाबू नये व टोचू नये. दूर, कोरड्या व मोकळ्या जागी न पेटणाऱ्या भांड्यात ठेवावी. घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ साली बॅटरी-कचरा व्यवस्थापनाचे नियम जारी झाले असून, त्यांनुसार निकामी बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याचे दायित्व उत्पादकांवर टाकले आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन-केंद्रात द्यावी.

निरोगी बॅटरी भरतानाही ती फरशीवर किंवा दगडी पृष्ठावर ठेवावी. गादी, कागद व पडदे यांपासून दूर ठेवावी. आणि भरणे चालू असताना कोणीतरी जागे व जवळ असावे. रात्री बॅटरी लावून झोपी जाणे ही सवय सर्वथा सोडावी. बॅटरीने पेट घेतलाच तर शक्य असल्यास मुख्य वीज बंद करावी, मुलांना बाहेर न्यावे व धूर श्वासात घेऊ नये; तो विषारी असतो. वाळूने ज्वाला पसरणे रोखता येते, पण आतील उष्णता तेवढ्याने जात नाही. बॅटरी पुन्हा पेटू शकते. आग आटोक्याबाहेर वाटल्यास विलंब न लावता १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलास बोलवावे. वस्तूच्या मोहाने परत आत जाऊ नये.

समारोप

दोषपरीक्षा हा शास्त्रीय विचारपद्धतीचाच एक धडा आहे. वैद्य जसा रोग्याचे म्हणणे ऐकून, नाडी पाहून, एकेक शक्यता वगळीत निदानापर्यंत येतो, तसेच येथे करावयाचे असते. विज्ञानमंडळांनी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक घटमालेला क्रमांक द्यावा आणि दर वेळी भरण्यापूर्वीचा व नंतरचा प्रत्येक घटाचा दाब, भरलेले मिलीअँपियर-तास व लागलेला वेळ लिहावा. वीस-पंचवीस नोंदींनंतर कोणता घट थकत चालला आहे, कोणता जोड सैल होत आहे, हे आकडेच सांगू लागतील. आणि बिघाड होण्यापूर्वीच त्याची चाहूल लागेल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

(१) तीन घटांची २,२०० मिलीअँपियर-तासांची लिथियम माला २.२ अँपियरने भरावयाची आहे. अखेरीस किती वॅट शक्ती लागेल? १२ व्होल्ट, २ अँपियरची पुरवठा-पेटी पुरेल का?

(२) ३ अँपियर प्रवाह वाहत असता एका जोडावर ०.२४ व्होल्ट दाब खर्ची पडतो. त्याचा रोध किती? तेथे किती उष्णता निर्माण होते?

(३) समतोल-जोडावर मीटर ३.७९, ३.८० व ३.७८ व्होल्ट दाखवितो, चार्जर ३.७९, ४.६० व २.९८ दाखवितो. प्रथम काय तपासाल, आणि का?